एका बेटाचा पक्षी: सेशेल्सच्या वटवट्याला अजूनही ‘संकटसमीप’ का म्हणतात?

सेशेल्सचा वटवट्या दिसायला अगदी साधा पक्षी आहे. वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, रंग हिरवट-तपकिरी, पाय निळसर राखाडी, चोच जरा लांब. आवाज मात्र गोड, एखाद्या माणसाने मजेत शीळ घालावी तसा. 1968 साली हा पक्षी साऱ्या जगात तीसपेक्षाही कमी उरला होता आणि तेवढे सगळे एकाच बेटावर होते. आज ते तीन हजारांच्या आसपास आहेत. तरीसुद्धा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, लाल यादीत त्याचं नाव ‘संकटसमीप’ याच वर्गात आहे.

तिसाचे तीन हजार झाले, मग आता कसला धोका, असं कुणालाही वाटेल. आपण डोकी मोजतो म्हणून तसं वाटतं. बेटावरच्या जिवांची सुरक्षितता मोजायची तर ते किती ठिकाणी राहतात हे आधी मोजावं लागतं. या एका पक्ष्याच्या गोष्टीतून हा हिशेब फार स्वच्छ कळतो, म्हणून ती नीट सांगतो.

माडांनी केलेली कोंडी

सेशेल्स हा हिंदी महासागरातला, मादागास्करच्या ईशान्येला पसरलेला शंभराहून जास्त बेटांचा देश. त्यातलं कूझँ हे जेमतेम 29 हेक्टरांचं बेट, म्हणजे साधारण बहात्तर एकर. एकोणिसाव्या शतकात हा वटवट्या आणखी काही बेटांवर होता. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल उस्ताले यांनी 1877 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तो नमुना मारियान बेटावरचा होता. पुढे माणसांनी बेटांवरचं मूळ जंगल तोडून खोबऱ्यासाठी माड लावले आणि जहाजांबरोबर उंदीर-मांजरं उतरली. मारियानवरून हा पक्षी नाहीसा झाला, इतर ठिकाणांहूनही गेला. कूझँवर तेवढा टिकला.

कूझँवरही माड लावले होतेच. मग तिथेच का टिकला? कारण त्या बेटावर उंदीर कधी पोचलेच नाहीत. पण उंदीर नसले तरी पोटाचा प्रश्न होता. हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे किड्यांवर जगतो आणि ते किडे तो रुंद पानांच्या खालच्या बाजूने टिपतो. माडाच्या झावळीवर त्याला हवं तसं खाणं मिळत नाही. बेट माडांनी भरलं आणि उरलेसुरले पक्षी खारफुटीच्या एका छोट्या पट्ट्यात कोंडले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोजणी झाली ती याच अवस्थेत.

1968 मध्ये आंतरराष्ट्रीय पक्षी संरक्षण परिषदेने (आजची बर्डलाइफ इंटरनॅशनल) लोकवर्गणीतून हे अख्खं बेट विकत घेतलं. एका चिमुकल्या पक्ष्यासाठी बेट विकत घेण्याची ही कल्पना मला आजही थक्क करते. त्यानंतर केलेलं काम मात्र अगदी साधं होतं. उगवणारे माड काढत राहायचे आणि मूळ झाडांना जागा द्यायची. पिसोनियाची झाडं परत वाढली. आपण जिला बारतोंडी म्हणतो आणि जिच्या फळांचा रस ‘नोनी’ म्हणून बाटल्यांतून विकला जातो, ती झाडंही वाढली. पक्ष्याला पिंजऱ्यात वाढवलं नाही, खाऊ घातलं नाही. जंगल परत आलं, जंगलाबरोबर किडे आले आणि 1982 च्या सुमारास वटवटे तीनशेच्या पुढे गेले.

आणि तिथेच थांबले.

बेट भरतं म्हणजे काय होतं

सुमारे 320 हा आकडा कूझँवर वर्षानुवर्षं थोडाफार वरखाली होत राहिला आहे. बेटावर साधारण 110 ते 115 वतनं आहेत. वतन म्हणजे एका जोडीने आपला म्हणून राखलेला जंगलाचा तुकडा. तेवढे तुकडे भरले की नव्या जोडीला जागाच राहत नाही.

आता लाल यादीचे नियम या आकड्याशेजारी ठेवून पाहू. आययूसीएनचे निकष बरेच आहेत. संख्या किती वेगाने घटते आहे, प्रदेश किती आक्रसतो आहे, असं सगळं त्यांत येतं. पण फारच थोड्या संख्येच्या प्रजातींसाठी एक सरळ पट्टी आहे. पिल्लं घालण्याच्या वयाचे 50 पेक्षा कमी जीव उरले तर प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’, 250 पेक्षा कमी तर ‘संकटग्रस्त’ आणि 1000 पेक्षा कमी तर ‘असुरक्षित’. ‘संकटसमीप’ हा वर्ग याच्या बाहेर, पण अगदी उंबरठ्यावरचा. म्हणजे आज कोणताही निकष पुरा होत नाही, पण एखादा पुरा व्हायला फारसं अंतरही नाही.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. कूझँवर 320 च्या वर पक्षी मावतच नाहीत. म्हणजे त्या एकाच बेटावर राहून हा पक्षी ‘असुरक्षित’ या पायरीच्या वर कधीच येऊ शकला नसता. रखवाली कितीही चोख असली तरी.

दुसरा निकष याहून जास्त बोलका आहे. प्रजाती पाच किंवा त्याहून कमी ‘स्थळां’वर असेल, किंवा तिचा वावर 20 चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत असेल, आणि नजीकच्या काळात घडू शकेल असा एखादा धोका दिसत असेल, तर संख्या कितीही असो, ती ‘असुरक्षित’ ठरू शकते. इथे स्थळ या शब्दाला खास अर्थ आहे. एकाच आपत्तीत जेवढ्या भागातले सगळे जीव सापडू शकतात, तेवढा भाग म्हणजे एक स्थळ. पुराने एकदम बुडेल ते एक स्थळ. एका जहाजातून उतरलेले उंदीर काही वर्षांत पालथं घालतील तेही एकच स्थळ. छोटं बेट म्हणजे बहुतेक वेळा एकच स्थळ, मग तिथे पक्षी तीस असोत की तीनशे.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. पॅसिफिक महासागरात हवाईच्या साखळीत लेसान नावाचं बेट आहे. तिथे आपल्या सेशेल्सच्या वटवट्याच्याच भावकीतला, मिलरबर्ड नावाचा पक्षी होता. 1903 मध्ये धंदा म्हणून कुणी तिथे ससे सोडले. सशांनी काही वर्षांत बेटावरची हिरवळ खाऊन संपवली. 1923 मध्ये शास्त्रज्ञांची मोहीम पोचली तेव्हा लेसानचा मिलरबर्ड उरलेलाच नव्हता. लाल रंगाच्या एका मधपाखराचे शेवटचे तीन पक्षी त्यांना दिसले. मोहीम तिथे असतानाच वाळूचं वादळ झालं आणि तेही गेले. त्याच बेटावरची पाणकोंबडीच्या कुळातली एक न उडणारी प्रजाती मात्र आधीच मिडवे बेटावर नेऊन सोडलेली होती, म्हणून ती लेसान उजाड झाल्यावरही वाचली. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, मिडवेवर जहाजांतून उंदीर उतरले आणि दोनेक वर्षांत तीही संपली. दुसरं घर असून भागत नाही, ते घर सुरक्षितही लागतं.

उडता येतं, मग उडत का नाहीत?

इथे एक प्रश्न पडायलाच हवा. पक्ष्याला पंख आहेत. कूझँ भरलं तर शेजारच्या बेटावर जायला काय हरकत आहे? शेजारचं कूझीन बेट जेमतेम दीड किलोमीटरवर, डोळ्यांना दिसेल इतकं जवळ आहे.

या पक्ष्याचा भावकीतला ब्लाइदचा वटवट्या दर हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो. झुडपांतून ‘चक् चक्’ करत फिरणारा हा पक्षी उत्तरेतून, रशिया आणि मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून आलेला असतो. त्याच घराण्यातला सेशेल्सचा वटवट्या दीड किलोमीटर पाणी ओलांडत नाही. शास्त्रज्ञांनी पायात रंगीत कड्या घातलेल्या पक्ष्यांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली तेव्हा बेट बदलणारा पक्षी हजारात एखादाच निघाला. त्यांनी पंखांची ठेवणही तपासली. पंखांत काही उणं नव्हतं. त्याला जाता येतं, पण तो जात नाही, असाच निष्कर्ष निघाला.

या स्वभावामागे काही कारण असावं, असं मला वाटतं. चिमुकल्या बेटावर ज्याची पाण्यावर झेप घ्यायची प्रवृत्ती जास्त, तो बहुधा समुद्रात हरवतो आणि त्याची पिल्लं मागे राहत नाहीत. जे घरी राहतात त्यांचाच वंश चालतो. हजारो वर्षं असं झालं तर घरकोंबडेपणा रक्तातच उतरेल.

मग घरी राहणारे तरुण पक्षी करतात काय? ते आईबापांच्या वतनातच थांबतात आणि पुढच्या भावंडांना वाढवायला मदत करतात. यान कोम्डूर या डच जीवशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या मध्यात कूझँवर या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. तो आजही अनेक विद्यापीठांच्या सहभागातून चालू आहे आणि रानातल्या पक्ष्यांवरच्या अत्यंत बारकाईच्या अभ्यासांत त्याची गणना होते. बाहेरून कुणी येत नाही, इथून कुणी जात नाही आणि जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी आहे. दिसेनासा झालेला पक्षी मेलाच असं इथे खात्रीने म्हणता येतं. मुख्य भूमीवर ते कधीच म्हणता येत नाही, कारण तो उडून दुसरीकडे गेलेला असू शकतो.

या अभ्यासातून निघालेल्या एका गोष्टीवर मी रेंगाळणार आहे. मदतीला थांबणाऱ्या पिल्लांत बहुतेक माद्या असतात. वतनात किडे भरपूर असतील तर मदतनीस लेक फायद्याची ठरते. किडे कमी असतील तर तीच लेक खाण्यात वाटेकरी होते, नुकसानीची ठरते. ही मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. कोम्डूर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार गरीब वतनातल्या जोड्यांची सुमारे 77 टक्के पिल्लं नर निघत होती, तर समृद्ध वतनातल्या, अजून मदतनीस नसलेल्या जोड्यांची बहुतेक पिल्लं मादी. गरीब वतनातल्या जोड्यांना समृद्ध जागी हलवल्यावर त्याच जोड्या माद्या काढू लागल्या. हे अंड्याच्या पातळीवर नेमकं कसं घडतं हा वेगळा आणि अवघड विषय आहे, पण परिस्थितीप्रमाणे नर-मादीचं प्रमाण बदलण्याचं इतकं ठळक उदाहरण पक्ष्यांत क्वचितच सापडतं. वय झाल्यावर वतनाचा मुख्य मान गमावलेल्या काही माद्या तिथेच राहून नातवंडं वाढवतात, हेही इथेच दिसलं. हा एक पक्षी गमावला असता तर हे ज्ञानही त्याच्याबरोबर गेलं असतं, आणि ते गेलं हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं.

उचलून नेणं

पक्षी स्वतः जात नाहीत म्हटल्यावर माणसांनी न्यायचं ठरवलं. सप्टेंबर 1988 मध्ये कूझँवरचे 29 वटवटे पकडून आरीद बेटावर सोडले. आरीद सुमारे 70 हेक्टरांचं, म्हणजे कूझँच्या दुपटीहून मोठं, आणि तिथेही उंदीर नव्हते.

त्यानंतर दोन्ही बेटांवर जे घडलं ते एकत्र पाहण्यासारखं आहे. कूझँवर रिकाम्या झालेल्या वतनांत मदतनीस म्हणून थांबलेले तरुण पक्षी लगेच शिरले, काही ठिकाणी तर काही तासांत. म्हणजे ते घरी थांबत होते ते हौसेने नव्हे, बाहेर जागा नव्हती म्हणून. आरीदवर मोकळं जंगल आणि किड्यांची चंगळ. तिथे पक्षी आल्या आल्या घरटी करू लागले आणि वर्षभर पिल्लं काढत राहिले. तिथल्या पिल्लांनी सुरुवातीला घरी थांबून मदत केलीच नाही, सरळ आपापली वतनं मांडली. चांगल्या जागा भरल्यावर काही पिल्लं पुन्हा घरी थांबू लागली.

1990 मध्ये 29 पक्षी कूझीनवर नेले, 2004 मध्ये 58 पक्षी डेनिस बेटावर आणि 2011 मध्ये 59 पक्षी फ्रेगेटवर. प्रत्येक वेळी कूझँवरची संख्या थोड्या काळात भरून आली. आरीदवर तर ती दीड हजाराच्या वर गेली. याच वाटेने 2015 मध्ये हा पक्षी ‘असुरक्षित’ वर्गातून ‘संकटसमीप’ वर्गात आला. यादीत पक्षी वर चढण्याच्या बातम्या दुर्मीळ असतात, म्हणून याचं मोल जास्त.

पहिल्या दोन वेळी 29 आणि नंतर जवळपास दुप्पट पक्षी का नेले, याचं उत्तर जनुकांत आहे. तीसच्या आत आलेली संख्या पुढे कितीही वाढली तरी ती सगळी त्या मूठभरांचीच संतती असते. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांशी आजच्या पक्ष्यांच्या डीएनएची तुलना केली तेव्हा जनुकीय विविधता सुमारे चतुर्थांशाने घटल्याचं दिसलं. विविधता कमी म्हणजे नव्या रोगाला तोंड देऊ शकेल असा एखादा तरी पक्षी कळपात असण्याची शक्यता कमी. त्या उरलेल्यातूनही जेमतेम 29 निवडले की आणखी थोडं सांडतं. आरीद आणि कूझीनवर तसं थोडं सांडलं. 58-59 पक्षी नेले तेव्हा कूझँवर जे आहे ते बरंचसं सोबत गेलं. हरवलेला चौथा हिस्सा मात्र कशानेच परत येणार नाही. पक्ष्यांची संख्या परत वाढवता येते, पण जनुकांची विविधता हजारो वर्षांत साचते.

आपली साळुंकी तिथे काय करते

आता धोक्यांकडे. त्यातला एक आपल्या फारच ओळखीचा आहे. आपल्या अंगणातली साळुंकी मॉरिशसमार्गे एकोणिसाव्या शतकात सेशेल्सला पोचली. आपल्याकडे ती मूळची आहे, तिच्याबरोबर वाढलेल्या पक्ष्यांना तिचा धाक सांभाळता येतो. तिथल्या पक्ष्यांना तो अनुभव नाही. डेनिसवर नेलेल्या वटवट्यांच्या डोक्याला जखमा दिसू लागल्या आणि त्या साळुंक्यांच्या हल्ल्याच्या असल्याचं लक्षात आलं. डेनिस आणि फ्रेगेट या दोन्ही बेटांवरून साळुंक्या हटवाव्या लागल्या. पक्षीप्रेमी माणसाला हे वाचायला जड जातं, मलाही गेलं. पण साळुंकी जगात कोट्यवधींनी आहे आणि हा वटवट्या पाच बेटांवर. इथे दोन्ही पारडी समान नाहीत, हे मान्य करावंच लागतं.

फ्रेगेटवर 1995 मध्ये तपकिरी जातीचे उंदीर पोचले होते. ते पूर्ण काढायला 2000 साल उजाडलं आणि ते निघाले नसते तर तिथे वटवटे नेण्याचा विचारही करता आला नसता. डेनिस हे सपाट प्रवाळबेट आहे, समुद्राची पातळी वाढली तर त्याला पहिला फटका बसेल. पावसाचं गणित बदललं तर पानांवरचे किडे घटतात आणि या पक्ष्याचं सगळं जगणं, अगदी लेक हवी की लेक नको इथपर्यंत, किड्यांवर चालतं.

पाचही बेटं मिळून पाच चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एकट्याने त्याच्या वीसपट आहे. वर सांगितलेली 20 चौरस किलोमीटरची आणि पाच स्थळांची रेघ आठवा. हा पक्षी दोन्ही रेघांच्या आत आहे. संख्या हजाराच्या वर गेली, ती घटत नाही आणि आज कोणताही धोका दारात उभा नाही, एवढ्यामुळे तो ‘असुरक्षित’ मधून बाहेर आहे. उद्या यातल्या दोन बेटांवर उंदीर उतरले तर उरलेल्या बेटांवर एकही पक्षी कमी न होता त्याचा वर्ग खाली घसरेल. म्हणूनच ‘संकटसमीप’ हा शब्द त्याच्यासाठी अगदी नेमका आहे.

सेशेल्सला फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना कूझँवर जाता येतं. प्रालँ बेटावरून सकाळच्या फेऱ्या असतात आणि बेटाची देखभाल 1998 पासून नेचर सेशेल्स ही तिथलीच संस्था करते. पर्यटकांच्या बोटीला किनाऱ्याला लागू देत नाहीत. बेटाची स्वतःची छोटी होडी समोर येते, माणसं पाण्यातच तिच्यात बदलतात आणि मग उतरतात. बाहेरच्या बोटीच्या तळात किंवा दोरांच्या वेटोळ्यात एखादी गाभण उंदरीण बसलेली असू शकते, म्हणून ही खबरदारी. होडी बदलताना कपडे थोडे भिजतात, तेवढी तयारी ठेवून जावं.